डिजिटल कुलूप घेताय? आधी ते उलटं करून बघा



दुकानाचं भाडं ठरलं, फर्निचर झालं, फ्लेक्स लागला, उद्घाटनाचा नारळ फुटला, आणि संध्याकाळी घरी निघताना कोणीतरी विचारतं, "कुलूप आणलं का रे?" नवीन दुकान टाकणारा माणूस कुलपावर सगळ्यात कमी डोकं लावतो. त्यात आता नवीन प्रकार आलाय. मोबाईलवर जाहिरात दिसते. काळं चकचकीत कुलूप, त्यावर आकड्यांची बटणं किंवा अंगठा ठेवायची जागा, आणि खाली लिहिलेलं, "चावीची कटकट कायमची बंद". किंमत साध्या चांगल्या कुलपाच्या तिप्पट-चौपट. घेणाऱ्याला वाटतं, एवढं महाग आहे म्हणजे मजबूत असणारच.

माझं सोनगीरला हार्डवेअरचं दुकान आहे, त्यामुळे हा विषय माझ्याकडे दोन्ही बाजूंनी येतो. ट्रेनिंगला बसलेली पोरं विचारतात, "सर, स्मार्ट लॉक घेऊ का?" आणि काउंटरवरचे बाबा तेच कुलूप हातात घेऊन उलटसुलट करतात आणि म्हणतात, "चावी नही लागस, मंग हाई कुलूप कसानं?" खरं सांगू का, दोघांत बाबांचा प्रश्न जास्त कामाचा आहे. चावी नाही, मग हे बंद राहतं कशावर? व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे नीट लिहितो.

आत नक्की काय असतं

लिव्हरच्या कुलपात चावीचे दात आतल्या पट्ट्या बरोबर उंचीला उचलतात आणि बोल्ट सरकतो. ताकद तुमच्या हाताची, अक्कल चावीच्या दातांची. इलेक्ट्रॉनिक कुलपात ही दोन कामं वेगळी झालेली असतात. तुम्ही बटणं दाबता, एक छोटं सर्किट तो आकडा तपासतं, बरोबर असला तर बॅटरीतून एका बारीक मोटरला किंवा सोलेनॉइडला करंट देतं, ती मोटर एक खटका मागे ओढते, आणि वरचा वाकडा दांडा, ज्याला आम्ही शॅकल म्हणतो, तो सुटतो. ब्लूटूथवालं असेल तर यात मोबाईल, ॲप आणि कंपनीचा सर्व्हर अशा आणखी तीन गोष्टी जोडल्या जातात.

आता ही साखळी चोराच्या नजरेने बघा. त्याला सगळी साखळी तोडायची गरज नाही. आकडा कळला तरी चालतो. आकडा न कळता मोटर फिरली तरी चालतं. मोटर न फिरता खटका सरकला तरी चालतं. आणि खटका तसाच ठेवून मागचं झाकण उघडलं तरी चालतं. साध्या कुलपात दोन-तीन वाटा असतात. इथे सहा-सात आहेत, आणि बनवणाऱ्याचं लक्ष बहुतेक वेळा फक्त पहिल्या वाटेवर असतं.

हे मी हवेत बोलत नाही. टॅपलॉक नावाचं एक कुलूप होतं, कॅनडातल्या कंपनीचं. लोकांकडून इंटरनेटवर आगाऊ पैसे गोळा करून बनवलेलं, अंगठ्याने उघडणारं, किंमत जवळपास १०० डॉलर. जाहिरात काय, तर न तुटणारं. २०१८ साली झॅक नेल्सन या यूट्यूबरने त्याची मागची चकती चिकटपट्टीच्या जोरावर फिरवून काढली आणि साध्या स्क्रू ड्रायव्हरने आतले स्क्रू खोलले. अंगठा नाही, हॅकिंग नाही, काही नाही. कंपनीने सांगितलं की तो एक पीस सदोष असावा, चकती अडवणारी पिन त्यात नीट बसली नसावी. त्यानंतर थोड्याच दिवसांत इंग्लंडच्या पेन टेस्ट पार्टनर्स या सुरक्षा कंपनीने दाखवलं की हे कुलूप मोबाईलवरून दोन सेकंदांच्या आत उघडतं. कारण ऐकून हसू येईल. प्रत्येक ब्लूटूथ उपकरण स्वतःचा एक ओळख क्रमांक सतत हवेत सांगत असतं, आणि या कुलपाची गुप्त चावी त्याच क्रमांकापासून बनवलेली होती. म्हणजे पाटीवर घराचा नंबर लिहिलाय आणि तोच नंबर तिजोरीचाही.

तिसरी गोष्ट व्हँजेलिस स्टिकास या संशोधकाने काढली. कंपनीच्या सर्व्हरवर स्वतःच्या खात्याने लॉगिन केलं की दुसऱ्याच्या खात्यातही डोकावता येत होतं. कोणाचं कुलूप कुठे लावलंय, हेसुद्धा. २०२० साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या कंपनीविरुद्ध खोट्या दाव्यांची तक्रार चालवली आणि कंपनीला तडजोड करावी लागली. त्या तक्रारीत आणखी एक मुद्दा होता, दुकानदाराने दोनदा वाचावा असा: एकदा दुसऱ्या माणसाला ॲपमधून परवानगी दिली की ती खऱ्या अर्थाने काढून घेता येत नव्हती. तुम्ही नोकराला काढलं, ॲपमधून त्याचं नाव पुसलं, स्क्रीनवर नाव गेलंही, पण कुलूप त्याला ओळखतच राहिलं.

तुम्ही म्हणाल, एक कंपनी वाईट निघाली. बरं. २०१६ साली अमेरिकेत डेफ कॉन या हॅकर परिषदेत अँथनी रोझ आणि बेन रॅमसे यांनी बाजारातली १६ ब्लूटूथ कुलपं घेऊन तपासली. १२ उघडली. त्यातली काही कुलपं पासवर्ड हवेतून जसाच्या तसा पाठवत होती, म्हणजे जवळ उभं राहून साध्या यंत्राने ऐकलं तरी मिळेल. काहींमध्ये पासवर्ड समजायचीही गरज नव्हती, मालकाने उघडताना गेलेला सिग्नल रेकॉर्ड करून पुन्हा वाजवला की काम झालं. हे सगळं त्यांनी कंपन्यांना कळवलं, तर बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. माझ्या मते धंदा शिकणाऱ्याने दोष सापडण्यापेक्षा या गप्प बसण्याकडे जास्त लक्ष द्यावं. दोष कोणाच्याही मालात निघतो. निघाल्यावर फोन कोण उचलतो ते महत्त्वाचं.

दुरुस्तीचा खर्च कोणाच्या खिशातून

याचं सगळ्यात मोठं उदाहरण हॉटेलच्या दारांचं आहे. हे पॅडलॉक नव्हे, पण धडा तोच. ओनिटी कंपनीची कार्डाने उघडणारी कुलपं जगभर लाखो खोल्यांना बसवलेली होती. २०१२ च्या जुलैमध्ये कोडी ब्रोशियस या तरुणाने ब्लॅक हॅट परिषदेत दाखवलं की कुलपाच्या खालच्या बाजूला, कर्मचाऱ्यांच्या यंत्रासाठी ठेवलेल्या छोट्या भोकात स्वस्तातलं घरगुती उपकरण जोडलं की दार उघडतं. त्याच सप्टेंबरमध्ये ह्यूस्टनच्या एका हॉटेलात खोल्यांमधून चोऱ्या झाल्या आणि संशय याच पद्धतीवर आला. कंपनीने दोन उपाय दिले: फुकट हवा असेल तर भोक बुजवणारं बूच आणि वेगळ्या खाचेचा स्क्रू, खरी दुरुस्ती, म्हणजे आतलं सर्किट बदलणं हवं असेल तर बऱ्याच ठिकाणी हॉटेलवाल्यालाच पैसे मोजावे लागणार होते.

पुन्हा २०२४ च्या मार्चमध्ये सॅफलॉक नावाच्या कुलपांचा दोष जाहीर झाला. १३१ देश, १३,००० ठिकाणं, ३० लाख दारं. कंपनीला हे २०२२ मध्येच कळवलेलं होतं, तरी जाहीर होईपर्यंत जेमतेम ३६ टक्के कुलपं दुरुस्त झाली होती. एवढ्या मोठ्या, नावाजलेल्या कंपनीची ही गत. आणि तुम्ही ऑनलाइन घेतलेल्या, डब्यावर पत्ताही नसलेल्या कुलपाला उद्या अपडेट कोण देणार? साध्या कुलपाची कंपनी बंद पडली तरी कुलूप चालू राहतं. ॲपवालं कुलूप कंपनी बंद पडली की कधी कधी पेपरवेट होतं.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण ट्रेनिंगमध्ये एकाने विचारलं, "सर, हे असं उघड सांगितल्याने चोर शिकत नाहीत का?" हा वाद पावणेदोनशे वर्षं जुना आहे. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात आल्फ्रेड हॉब्ज हा अमेरिकन कुलूपवाला आला आणि त्याने इंग्लंडचं अभिमानाचं चब कंपनीचं कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडलं. ब्रामा कंपनीने तर आपलं कुलूप दुकानाच्या खिडकीत मांडून २०० गिनींचं बक्षीस लावलेलं होतं, अनेक दशकं कोणाला जमलं नव्हतं. हॉब्जने ते १६ दिवसांत मिळून ५१ तास काम करून उघडलं. लोक चिडले. त्याचं म्हणणं साधं होतं, चोरांना हे आधीपासून माहीत असतं, माहीत नसतं ते मालकाला. मी त्याच्या बाजूचा आहे. म्हणून मी इथे कुलूप कसं उघडायचं याची कृती देत नाही, पण कुठे कमजोर असतं ते लपवतही नाही.

आणि त्या चबच्या कुलपाची एक खुबी होती. त्याचं नावच डिटेक्टर. कोणी चुकीच्या हत्याराने छेडलं की आत एक लिव्हर अडकायचा, आणि मालकाने स्वतःची चावी लावली की त्याला कळायचं, कोणीतरी प्रयत्न करून गेलंय. ही खूण राहण्याची गोष्ट लक्षात ठेवा. पुढे विम्याच्या वेळी लागणार आहे.

आपल्याकडचा चोर काय घेऊन येतो

आता जमिनीवर येऊ. पेपरमध्ये दुकानफोडीची बातमी वाचा, जळगाव असो, धुळे असो, शिरपूर असो. शब्द ठरलेले असतात: "शटर उचकटून", "कडी-कोयंडा तोडून". त्याच्या हातात लॅपटॉप नसतो, कटावणी असते. कुलूप जागेवर सलामत लोंबतंय आणि कोयंडा पत्र्यासकट बाहेर, असं तुम्हीही पाहिलं असेल. तीन हजारांचं कुलूप तीस रुपयांच्या कोयंड्याला लावणं हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा सुरक्षा दोष आहे, आणि त्याचा इलेक्ट्रॉनिक्सशी काही संबंध नाही.

पण डिजिटल कुलपाने हाच दोष वाढतो. कारण किंमत सर्किट, सेन्सर आणि बॅटरीत गेलेली असते, धातूवर वाचवलेलं असतं. स्वस्त मॉडेलचं अंग जस्ताच्या मिश्रधातूचं, ओतीव. दिसायला स्टीलसारखं, वजनालाही बरं, पण ठिसूळ. यासाठी माझ्या काउंटरवर एक साधं लोहचुंबक ठेवलेलं असतं. चुंबक अंगाला चिकटलं तर आत लोखंड-पोलाद आहे. नाही चिकटलं तर जस्त, ॲल्युमिनियम, पितळ किंवा काही जातीचं स्टेनलेस स्टील. दुकानदाराला नेमकं विचारा, कोणतं? उत्तर "चांगलं मटेरियल आहे साहेब" असं आलं, तर समजून जा. शॅकल मात्र कडक केलेल्या पोलादाचाच हवा, आणि त्याच्या दोन्ही पायांना खाच हवी. एकाच पायाला खाच आणि मागे स्प्रिंगचा खटका असेल तर पातळ पत्र्याच्या तुकड्यानेही तो खटका दबू शकतो. दोन्ही बाजूंनी पोलादी गोळ्या अडकतात असं कुलूप त्या बाबतीत बरं.

चुंबकाची दुसरी बाजूही आहे. सोलेनॉइड म्हणजे तारेचं वेटोळं आणि मधे लोखंडी दांडी. करंट आला की दांडी ओढली जाते. पण लोखंडाला कोणी ओढलं याच्याशी देणंघेणं नसतं. स्वस्त मालात बाहेरून जोरदार चुंबक लावून किंवा नुसत्या धक्क्याने ती दांडी हलल्याची उदाहरणं आहेत. मोटर आणि गिअरवाल्या कुलपात हे अवघड जातं. म्हणून विचारा, आत मोटर आहे की सोलेनॉइड. विकणाऱ्याला माहीत नसेल तर डब्यातला कागद वाचा. कागदावरही नसेल तर ते कुलूप शटरला लावू नका.

मागची बाजू तर बघाच. बाहेरून दिसणारा एकही स्क्रू, कुलूप बंद असताना फिरता कामा नये. आणि आडोशाला रबरी झाकणाखाली एखादं चावीचं भोक असतं, इमर्जन्सीसाठी. तुमचा आकडा सहा अंकी असू द्या नाहीतर दहा अंकी, त्या भोकातला चावीचा भाग हलक्या दर्जाचा असेल तर सगळं कुलूप तेवढंच. बॅटरी संपली की बाहेरून पॉवर द्यायला टाइप-सी पोर्ट किंवा नऊ व्होल्टच्या बॅटरीची टोकं असतात. तिथून फक्त वीज आत जायला हवी, उघडण्याचा हुकूम नव्हे. ओनिटीचं भोक आठवा.

आपल्या भागाचा एक प्रश्न कोणत्याच डब्यावर लिहिलेला नसतो, तो म्हणजे मे महिना. खान्देशात पारा ४४-४५ ला जातो तो सावलीत. पश्चिमेकडे तोंड असलेल्या शटरला लटकलेलं काळं कुलूप दुपारी हातात धरवत नाही. लिथियम बॅटरीला चार्जिंगसाठी साधारण ४५ अंशांपर्यंतची मर्यादा दिलेली असते, आणि सतत उष्णतेत तिचं आयुष्य कमी होत जातं. त्यात हायवेची धूळ. अंगठ्याच्या सेन्सरवर धूळ आणि घाम, आणि तांबट आळीतल्या माणसाची बोटं तर कामाने इतकी झिजलेली असतात की सेन्सरला रेघाच सापडत नाहीत. ज्यांचं हाताने काम आहे त्यांनी अंगठ्यावर विसंबू नये, आकड्याचा पर्याय चालू ठेवावा.

आकडा: इथे कंपनीचा दोष नाही, आपला आहे

चार अंक म्हणजे १०,००० शक्यता. ऐकायला खूप वाटतं. पण २०१२ साली डेटाजेनेटिक्सच्या निक बेरीने बाहेर फुटलेल्या चौतीस लाख चार अंकी पासवर्डचा हिशेब मांडला, तर जवळपास ११ टक्के लोकांनी १२३४ ठेवलेला. १११११ नव्हे, चारच एक, म्हणजे ११११, तो ६ टक्के. सगळ्यात लोकप्रिय २० आकडे वापरून बघितले तरी चारातलं एक खातं उघडेल, अशी गत. आपल्याकडे यात जन्मसाल, गाडीचा नंबर आणि दुकान सुरू केल्याचं साल घाला. दुकान सुरू केल्याचं साल तर बोर्डावरच लिहिलेलं असतं.

दुसरं, बटणं झिजतात. रोज तीच चार बटणं दाबली की ती गुळगुळीत होतात, चिकट होतात, किंवा उरलेल्या सहांवर धूळ बसते आणि या चारांवर नाही. कोणती चार हे कळलं की १०,००० शक्यतांच्या फक्त २४ उरतात. उपाय सोपा आहे. सहा अंक ठेवा, एखादा अंक दोनदा येऊ द्या, दर महिन्याला बदला, आणि आठवड्यातून एकदा सगळ्या बटणांवरून फडकं फिरवा. चुकीचा आकडा पाच-सहा वेळा टाकल्यावर कुलूप काही मिनिटं बंद पडतं का, हे घेतानाच करून बघा. पडत नसेल तर चोराकडे रात्रभर वेळ आहे.

कंपनीने दिलेला पहिला आकडा बदलणं तर आलंच. पण बऱ्याच कुलपांत दोन असतात, एक रोजचा आणि एक मास्टर. लोक रोजचा बदलतात, मास्टर तसाच राहतो. आणि तो त्या मॉडेलच्या माहितीपत्रकात इंटरनेटवर छापलेला असतो.

आकडा व्हॉट्सॲपच्या स्टाफ ग्रुपवर टाकू नका. मला माहितीय तुम्ही टाकणार, सोयीचं असतं. पण ग्रुपमधून बाहेर गेलेल्या पोराच्या मोबाईलमध्ये तो मेसेज राहतोच. आणखी एक: तुमचाच सीसीटीव्ही कॅमेरा बटणांच्या नेमका समोर असेल तर त्याची दिशा थोडी वळवा. फुटेज ज्या मोबाईलवर दिसतं, त्या प्रत्येक मोबाईलवर तुमचा आकडाही दिसतो.

विमा, आणि न तुटलेलं कुलूप

हा भाग मी व्हिडिओत घाईत सांगितला आणि खरं तर याच्यावरच अख्खा व्हिडिओ व्हायला हवा होता.

दुकानाची घरफोडीची पॉलिसी तुमच्याकडे असेल तर ती आज काढून वाचा. त्यात बहुतेक ठिकाणी अशी अट असते की चोर बळाने, तोडफोड करून आत शिरलेला असला पाहिजे आणि त्याच्या खुणा दिसल्या पाहिजेत. २००४ साली सुप्रीम कोर्टासमोर युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल हे प्रकरण आलं. कोर्टाने सांगितलं की पॉलिसीत बळ आणि हिंसेची अट लिहिलेली असेल तर ती लिहिली आहे तशीच वाचायची. तोडफोड न करता माल गेला तर ती चोरी असेल, पण त्या पॉलिसीतली घरफोडी नाही, आणि दावा बसत नाही.

गंमत बघा. फौजदारी कायद्यात घरफोडीच्या व्याख्येत कुलूप उघडून आत शिरणंही येतं. जुन्या भारतीय दंड विधानात होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. म्हणजे पोलीस ठाण्यात ती घरफोडी आणि विमा कंपनीत ती नुसती चोरी. एकाच रात्रीची एकच घटना.

आता डिजिटल कुलूप यात ठेवा. कोणी आकडा पाहून किंवा सिग्नल पकडून उघडलं, माल नेला, परत लावलं. कोयंडा शाबूत, शटर शाबूत, कुलपावर ओरखडा नाही. सर्व्हेअर येतो आणि विचारतो, तोडफोड कुठे आहे? त्यात ॲपच्या नोंदीत लिहिलेलं की रात्री दोनला बरोबर आकड्याने उघडलं. आता संशय तुमच्याच माणसांवर, आणि नोकरांनी केलेली चोरी बऱ्याच पॉलिसींत मुळातच वगळलेली असते, तिच्यासाठी वेगळा विमा घ्यावा लागतो. सोनगीरच्या तांब्या-पितळेच्या दुकानात किंवा जळगावच्या सराफाकडे एका रात्रीत किती जाऊ शकतं, त्याचा हिशेब तुम्हीच करा. किराणावाल्याचंही हातातलं भांडवल बहुतेक मालातच असतं.

म्हणून एजंटला दोन गोष्टी विचारा, आणि तोंडी नाही, मेलवर: तोडफोड न होता चोरी झाली तर कव्हर आहे का, नसेल तर जादा प्रीमियम भरून वाढवून मिळतं का? आणि बाहेरच्या दाराला इलेक्ट्रॉनिक कुलूप असलेलं चालतं का? उत्तर येईपर्यंत शटरला चावीचं कुलूप ठेवा. चावीच्या कुलपाच्या बाजूने माझं मत असण्याचं हेच मुख्य कारण आहे, हॅकर नव्हे.

मग हे कुलूप घ्यायचंच नाही का? घ्या की. आतल्या बाजूला घ्या. मागचं गोडाऊन, महाग मालाचं कपाट, तीन-चार जणांनी दिवसभर उघडबंद करायचं दार. प्रत्येकाला वेगळा आकडा द्या, कोणी कधी उघडलं याची नोंद बघा, माणूस सोडून गेला की त्याचा आकडा पुसा आणि पुसल्यावर तो टाकून बघा, खरंच बंद झाला का. चावीच्या कुलपात माणूस गेला की चावीची नक्कल त्याच्याकडे आहे की नाही हे तुम्हाला कधीच कळत नाही, तिथे हे कुलूप उजवं आहे. मोबाईल एअरप्लेन मोडवर टाकून एकदा उघडून बघा. सर्व्हरशिवाय उघडलं तर उत्तम.

शटरसाठी माझा खर्चाचा क्रम असा: पहिले पैसे कोयंड्यावर आणि शटरच्या खालच्या पट्टीवर, मग दोन्ही बाजूंची साइड लॉक, मग कुलूप. भारतीय मानक ब्युरोचं पॅडलॉकसाठी मानक आहे, आयएस २७५. परदेशी मालावर ईएन १२३२० ची श्रेणी दिसते, १ ते ६, जितकी जास्त तितकं मजबूत. डब्यावर "मिलिटरी ग्रेड" असं लिहिलेलं असेल आणि यातलं काहीच नसेल, तर तो शब्द फक्त छपाईचा आहे. आपल्याकडे कुलूप बनवणाऱ्यांची मोठी परंपरा आहे. वकिली सोडलेले अर्देशिर गोदरेज १८९७ साली मुंबईत लालबागला कुलपं बनवायला बसले, अलीगढचं तर नावच कुलपाने चालतं, आणि तमिळनाडूच्या दिंडीगुलच्या कुलपाला २०१९ मध्ये जीआय मिळालं. चांगलं चावीचं कुलूप घ्यायला लांब जावं लागत नाही.

आणि तुम्ही ही कुलपं विकायला घेणार असाल तर

मार्जिन चांगलं आहे, मी नाही म्हणत नाही. पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये विक्रेत्याचीही जबाबदारी लिहिलेली आहे. कंपनीने न दिलेली हमी तुम्ही स्वतःच्या तोंडाने दिली आणि माल त्याला उतरला नाही, तर तुमच्यावर येऊ शकतं. बनवणारा कोण हेच सापडत नसेल, तरीही तुमच्यावर येऊ शकतं. बिननावाचा माल स्वस्त पडतो तो का, त्याचं एक उत्तर इथे आहे. ब्लूटूथचा माल बाहेरून मागवायचा तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मंजुरी लागते. ती घाऊकवाल्याकडे आहे का, त्याची प्रत मागा. प्रत देत नसेल तर दुसरा घाऊकवाला शोधा.

काउंटरवर "हे तुटतच नाही" असं कधी म्हणू नका. टॅपलॉकला त्याच शब्दाने गोत्यात आणलं. मी बिलावर मॉडेल नंबर, बॅच आणि "आतल्या वापरासाठी" असं लिहून देतो. गिऱ्हाईक गेल्या आठवड्यात विचारत होतं, "भाऊ, हाई का लिखी राहिनात?" त्याला सांगितलं, कोयंडा बघायला संध्याकाळी तुमच्या दुकानावर येतो, तिथे समजावतो. कुलूप त्याने घेतलं कपाटासाठी, आणि शटरसाठी माझ्याकडून जाड पट्टीचा कोयंडा आणि साइड लॉकची जोडी नेली.